पोथीवर उभे राहिलेले गाव आणि बिनकामाची पदवी

दरवर्षी उन्हाळा सरला की विद्यापीठाचे निकाल लागतात आणि राहाता, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर या पट्ट्यातील कित्येक घरांत एकच प्रश्न फिरू लागतो. मुलगा किंवा मुलगी एम.ए. झालेली असते, विषय मराठी साहित्य. पेढे वाटले जातात, मामा-काका येऊन जातात आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता कोणीतरी विचारतेच, “बरं, पण आता पुढं काय?” अभियंता झालेल्या मुलाला हा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्यात कुतूहल असते. साहित्याच्या विद्यार्थ्याला विचारला जातो तेव्हा त्यात निकाल असतो.

उत्तरेही ठरलेली आहेत. बी.एड. करीन. नेट-सेट देईन. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे. मुलगी असेल तर चौथे उत्तर घरातील वडीलधारी मंडळीच देऊन टाकतात आणि स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. खुद्द शिर्डीत आणखी एक उत्तर उपलब्ध असते. लॉजच्या काउंटरवर, हार-प्रसादाच्या दुकानात किंवा प्रवासी गाडीवर ‘तोवर’ काम करायचे. हे ‘तोवर’ अनेकांना दहा-दहा वर्षे पुरते.

साहित्य शिकून पोट भरत नाही, हा निष्कर्ष मग त्या घरापुरता सिद्ध होतो. पण तो निष्कर्ष शिर्डीत काढला जावा, यासारखा विपर्यास दुसरा नाही. ज्या गावाची अवघी बाजारपेठ एका मराठी ग्रंथाच्या पायावर उभी आहे, त्याच गावात मराठी ग्रंथ वाचलेल्या तरुणाला ‘तू काय कामाचा?’ असे विचारले जाते.

श्रद्धेचा भाग येथे क्षणभर बाजूला ठेवू. तो ज्याचा त्याचा आहे. इतिहास एवढेच सांगतो की १९१८च्या विजयादशमीला साईबाबांनी देह ठेवला तेव्हा शिर्डी हे कोपरगावाशेजारचे एक आडगाव होते. बाबांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, मठ-परंपरा मागे ठेवली नाही. मग हे नाव महाराष्ट्रभर आणि पुढे भारतभर पोहोचले ते कशाने? शब्दांनी पोहोचविले. मूळचे याच जिल्ह्यातील अकोळनेरचे दासगणू महाराज, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, पोलीस खात्यात शिपाई होते. फौजदार होण्याची त्यांची आकांक्षा होती. ते झाले कीर्तनकार आणि संतचरित्रकार. त्यांच्या कीर्तनांनी कोकणात आणि ठाण्या-मुंबईकडे शिर्डीचे नाव नेले. १९२३ साली ‘श्रीसाईलीला’ हे मासिक सुरू झाले आणि गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांचे ‘श्रीसाईसच्चरित’ त्यातून वाचकांपुढे येऊ लागले. त्रेपन्न अध्याय, नऊ हजारांहून अधिक ओव्या. १९२९ साली दाभोलकर गेले आणि अखेरचा अध्याय देव यांनी पुरा केला. पुढे गुणाजी यांनी या ग्रंथाच्या आधारे इंग्रजी चरित्र सिद्ध केले. मद्रासकडे नरसिंहस्वामींनी लेखन, व्याख्याने आणि संघटन यांच्या बळावर तो प्रवाह तमिळ-तेलुगू मुलखात नेला. आज आंध्र-तेलंगणातून शिर्डीला येणाऱ्या गाड्या भरभरून येतात, त्यांच्यामागे हा शब्दांचा प्रवास आहे. रेल्वे स्थानक, २०१७ साली सुरू झालेला विमानतळ, रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिलेली हॉटेले ही सारी त्यानंतरची आहेत. आधी ओवी आली, मग विमान आले.

यावर चतुर माणूस एक आक्षेप घेईल आणि तो घेऊ द्यावा, कारण तो बिनतोड वाटतो. दाभोलकर सरकारी अधिकारी होते, मॅजिस्ट्रेट म्हणून निवृत्त झाले. देव मामलेदार. गुणाजी वकील. नरसिंहस्वामीही मूळचे वकीलच. दासगणू तर पोलीस. यांतील एकाच्याही हाती साहित्याची पदवी नव्हती! मग पदवीचे प्रयोजन काय?

आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. साहित्य निर्माण होण्यास विद्यापीठाच्या शिक्क्याची गरज नसते. १९९७ साली नगरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष ना. सं. इनामदार यांनी उमेदीची वर्षे रेल्वेच्या टपालसेवेत काढली. मराठीच्या अभिजातत्वाचा अहवाल सिद्ध करणाऱ्या समितीचे अध्यक्ष रंगनाथ पठारे हे शिर्डीच्या शेजारच्या संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असत. तेव्हा ‘साहित्य शिकलो म्हणजे साहित्याचीच नोकरी मिळाली पाहिजे’ हा हट्ट ज्यांनी सोडला नाही, त्यांना पठाऱ्यांकडे बोट दाखवावेच लागेल.

आक्षेपाचा दुसरा अर्धा मात्र खोटा आहे. ग्रंथ लिहिणारा एक असतो. तो ग्रंथ शुद्ध राखणारे, वाचणारे, शिकविणारे, दुसऱ्या भाषेत नेणारे अनेक लागतात. याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा ती उतरून घेणारे सच्चिदानंदबाबा होते. पुढे तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून त्या ग्रंथात अपपाठ शिरले, तेव्हा पैठणला एकनाथांनी १५८४ साली प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथांनी त्या काळी जे केले त्यालाच आज पाठचिकित्सा म्हणतात आणि ते शिकविण्यासाठीच विद्यापीठात मराठीचा विभाग असावयास हवा. ज्ञानदेव शिकवून घडत नाहीत. सच्चिदानंदबाबा घडविता येतात. साहित्याच्या पदवीचे काम ते आहे.

ते काम होते का? येथे विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना जाब विचारला पाहिजे. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या विद्यार्थ्यापुढे मोडीतील एखादी फेरफारनोंद ठेवावी, छपाईपूर्वीची चार पाने मुद्रितशोधनासाठी द्यावीत, न्यायालयाच्या निकालपत्रातील एक परिच्छेद सुबोध मराठीत उतरविण्यास सांगावे. कितीजण टिकतील? दोष त्या मुलांचा नाही. त्यांना दोन वर्षे मार्गदर्शकांतील उत्तरे पाठ करण्यास शिकविले. कादंबरी न वाचता कादंबरीतील ‘स्त्रीचित्रण’ लिहिता येते, हे रहस्य त्यांना पहिल्याच सत्रात उमगते. आणि ज्या वर्गात सर्वाधिक आत्मीयतेने वाचणाऱ्या मुली बसलेल्या असतात, त्याच वर्गाकडे लग्न होईपर्यंतचे प्रतीक्षालय म्हणून पाहिले जाते, हे कुटुंबांनीही कबूल करावे.

प्राध्यापकीच्या रांगेची कहाणी तर वेगळीच. पात्रता म्हणून नेट किंवा सेट लागते. सेटची परीक्षा पुणे विद्यापीठच घेते. तरुण ती उत्तीर्ण होतो, पुढे पीएच.डी.ही करतो आणि मग त्याला कळते की जागाच नाही. २०१७ साली राज्य शासनाने पदभरती थांबविली. २०१८ साली ३,५८० आणि २०२१ साली २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या जागा भरण्यास मान्यता दिली गेली. त्या सर्व विषयांच्या आणि साऱ्या राज्याच्या. दरम्यान महाविद्यालये चालली ती तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या जिवावर. तास घेतला तर पैसे. सुट्टी, परीक्षा, निवडणूक आली की पैसे नाहीत, आणि जे मिळतात तेही महिनोन्‌महिने लांबतात. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला हा माणूस वर्गात पसायदानावर बोलतो आणि सुट्टीत शेतावर रोजाने जातो किंवा दुसऱ्याची गाडी चालवितो. जेथे कायम जागा निघते तेथे गुणवत्तेआधी काय विचारले जाते, ते या जिल्ह्यातील प्रत्येक उमेदवाराला ठाऊक आहे. जमीन विकून जागा घेणाऱ्या बापाची गोष्ट गावोगाव दबक्या आवाजात सांगितली जाते.

शाळांतही तेच. २०१२च्या मे महिन्यापासून शिक्षक भरती गोठविली गेली, ती पुन्हा वाहू लागण्यास कित्येक वर्षे जावी लागली. ‘पवित्र’ नावाचे संकेतस्थळ आले, पण २०२१ साली शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आला आणि प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

हा दोष एका पक्षाच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही. २०१२ साली सत्तेवर एक होते, २०१७ साली दुसरे. दुसऱ्यांना तर विचारांनी आपले मानण्याची अनेक कार्यकर्त्यांची सवय आहे. पण मराठीचे अध्यापनपद रिकामे ठेवणारे सरकार कोणाचे आहे, यावरून त्या रिकाम्या खुर्चीचा रंग बदलत नाही. आपल्या माणसांना हे आपणच सांगितले नाही तर ते सांगण्याचा अधिकार इतरांकडे जातो.

स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने येथे शिवछत्रपतींकडे पाहावे. राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्या काळात अष्टदिशांना शत्रू, खजिन्यावर ताण. तरीही महाराजांनी फारसीने व्यापलेल्या दरबारी व्यवहारासाठी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला आणि रघुनाथपंत हणमंते यांजकडे ते काम सोपविले. भाषेचे काम राजाश्रयाने आणि राज्याची गरज म्हणून झाले. ते कोणा पंडिताच्या हौसेवर सोडून दिले नाही. विसाव्या शतकात सावरकरांनी महापौर, दिनांक, हुतात्मा असे शब्द दिले. ते रुजले, कारण नगरपालिकांनी, वृत्तपत्रांनी, चित्रपटव्यवसायाने ते वापरले. शब्दाला काम मिळाले तरच शब्द जगतो; शब्द जाणणाऱ्याचेही तेच.

स्वतंत्र भारतातील महाराष्ट्राने कायदे पुष्कळ केले. १९६४चा राजभाषा अधिनियम, २०२०चा शाळांतून मराठी सक्तीचा कायदा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि त्या दिवशी पेढे वाटले गेले ते योग्यच झाले. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले, हेही दीर्घकाळ राहिलेले ऋण फेडणे होते. पण राहात्याच्या एम.ए. झालेल्या मुलीच्या घरातील प्रश्न यांपैकी कशाने सुटला? शाल-श्रीफळ भाषेला मिळाले. भाषेच्या विद्यार्थ्याला नेमणूकपत्र मिळावयाचे आहे.

आणि गरज नाही, असेही नाही! २०२३ साली मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर कुणबी नोंदी शोधण्याची वेळ आली, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि तहसील कार्यालयांतील जुनी दप्तरे बाहेर निघाली. ती मोडीत होती. वाचणार कोण? जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. काल ज्यांना ‘मोडी शिकून काय करणार?’ म्हणून हिणविले गेले, त्यांच्या दारात शासनाची माणसे उभी राहिली. लाखो कुटुंबांचे हक्क एका लिपीत अडकले होते आणि ती लिपी येणारी माणसे समाजाने घडविलीच नव्हती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद आहेत. वि. का. राजवाडे नावाच्या एका पदवीधराने नोकरीची वाट सोडून गावोगावची दप्तरे धुंडाळली आणि १८९८पासून इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड दिले. त्यांना कोणी नेमणूकपत्र दिले नव्हते, हे खरे. पण प्रत्येक पिढीने राजवाड्यांच्या उपासावरच जगावे, ही अपेक्षा निर्लज्जपणाची आहे.

तालुका न्यायालयांचा कारभार मराठीत चालतो. शासनाच्या प्रत्येक विभागातून रोज परिपत्रके निघतात आणि त्यांतील अनेक वाचून मराठी माणसाला मूळ इंग्रजी शोधावे लागते. अलीकडे भाषांतराचे यंत्र आले आणि अनेकांनी ठरवून टाकले की आता भाषेचा माणूस नकोच. शिर्डीच्या रस्त्यावर फेरफटका मारावा. यंत्राने करून दिलेल्या पाट्या वाचाव्यात. यंत्राचे चुकते कोठे, हे सांगण्यास तरी भाषा जाणणारा लागेल की नाही?

पण विद्यार्थ्यांनाही चार शब्द कठोरपणे सांगितले पाहिजेत. २०२३च्या प्रारंभी राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हणून पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि तो बदल २०२५पर्यंत लांबणीवर टाकवून घेतला. तयारीला मुदत हवी, ही मागणी समजण्याजोगी होती. तथापि पर्यायांपुढे खूण करण्यापेक्षा स्वतःच्या भाषेत चार पाने लिहिणे ज्यांच्या लाभाचे, ते साहित्याचे विद्यार्थी त्या वेळी कोठे होते? त्यांनी या बदलाचे स्वागत करावयास हवे होते. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मराठी साहित्य हा ऐच्छिक विषय आहे, उत्तरे मराठीत लिहिता येतात. तेथेही आपली मुले भूगोल-समाजशास्त्राच्या मागे धावतात, कारण शिकवणीवाल्यांकडे त्याच्या टिपणांचे गठ्ठे तयार असतात.

शिर्डीच्या विद्यार्थ्याला तर घरबसल्या जे मिळते ते पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला पैसे मोजून मिळणार नाही. त्याच्या दारात रोज तेलुगू, कन्नड, तमिळ, गुजराती आणि हिंदी बोलणारी माणसे येतात. स्थानकावर यात्रेकरूंना गाठणारा पॉलिशवाला चार महिन्यांत कामापुरती तेलुगू बोलू लागतो आणि त्या तेलुगूच्या बळावर भोळ्या भाविकाला महागडे पूजेचे ताट गळ्यात मारतो. एम.ए. झालेला तरुण त्याच रस्त्यावर राहतो आणि त्याला तेलुगूचे अक्षर ओळखता येत नाही. भारतीय भाषा भगिनी आहेत, असे व्यासपीठावरून आपण किती वर्षे सांगत आलो! एका भगिनीचे घर दुसरीच्या दारात येऊन बसले असता तिच्याशी बोलण्याचे काम दलालाकडे सोपविले गेले. मराठी उत्तम जाणणारा आणि तेलुगू किंवा कन्नड मनापासून शिकलेला तरुण अनुवाद करील, दुभाषा होईल, यात्रेकरूंना या जिल्ह्याची संतभूमी म्हणून ओळख करून देईल, त्यांना नेवाशाला नेऊन पैसाचा खांब दाखवील. या कामाला जाहिरात निघत नाही, म्हणून ते काम नाही असे नव्हे.

येथे संस्थानाचेही कर्तव्य येते. शिर्डी संस्थानाचा कारभार राज्य शासनाने नेमलेल्या समितीकडे असावा, अशी २००४च्या कायद्याची तरतूद आहे. अन्नछत्र, रुग्णालय, भक्तनिवास ही कामे मोठी आहेत आणि त्यांचे ऋण कोणी नाकारू नये. संस्थान सच्चरिताच्या अनेक भाषांतील आवृत्त्याही काढते. पण ज्या ओव्यांनी हे वैभव आणले, त्यांच्या अभ्यासासाठी दरवर्षी दहा-वीस मराठी साहित्याच्या पदवीधरांना विद्यावेतन देणे, जुन्या ‘साईलीले’च्या अंकांची शास्त्रशुद्ध सूची करविणे, दासगणूंच्या वाङ्मयाची चिकित्सक आवृत्ती काढणे, दक्षिणी भाषांतील अनुवाद मुळाशी ताडून पाहणे, एवढे करण्यास दानपेटीतील कितीसा पैसा लागेल? राजव्यवहारकोशाचे नाव घेणाऱ्या सरकारने समितीला हे सुचविण्यास कोणाची परवानगी घ्यावी लागेल?

हे काम कोणाला सुचलेच नाही, असे नाही. ते सुचले इटलीतील एका तरुण अभ्यासकाला. १९८५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंतोनियो रिगोपुलोस शिर्डीला आले. बाबांना प्रत्यक्ष पाहिलेली काही वयोवृद्ध माणसे तेव्हा हयात होती. त्यांच्याकडे आणि इतर जाणत्यांकडे जाऊन त्यांनी आठवणी नोंदवून घेतल्या. १९९३ साली अमेरिकेतील विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्यांचा ग्रंथ काढला. त्या मुलाखती २०२० साली व्हेनिसहून पुस्तकरूपाने निघाल्या. आज त्यांची गणना या विषयाच्या जगातील प्रमुख अभ्यासकांत होते, व्हेनिसच्या विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. ‘शिकून पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना शिर्डीच्या ओसऱ्यांवर सापडले. त्या ऑक्टोबरात कोपरगावात, संगमनेरात, नगरात मराठीचे वर्ग नेहमीप्रमाणे भरत होते. त्या ओसऱ्यांवर बसून बोलणारी ती वृद्ध माणसे आता राहिलेली नाहीत.